पाण्याने नरमणारे पोलाद



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणारी, इतिहासावर बोलणारी, नाटकावर बोलणारी मंडळी येऊन गेली आहेत. त्यांच्या मागून, भट्टीच्या तोंडाशी तीस-पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला चालकांनी येथे उभे केले, हे त्यांचे धाडस म्हटले पाहिजे. वैशाखातली संध्याकाळ, अंगाची काहिली होते आहे, आणि आम्ही बोलणार ते हजार अंशांवर तापलेल्या पोलादाविषयी! दिलासा एवढाच, की आमच्या विषयाचा अर्धा भाग पाण्याचा आहे.

मिरजेच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यात एक सोय आहे. या जंक्शनात एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते, त्यामुळे सांधा म्हणजे काय हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. गाडी यार्डात शिरताना एका रुळावरून दुसऱ्या रुळाला ओलांडते त्या जागी रुळात थोडी फट ठेवावीच लागते. प्रत्येक चाक ती फट उडी मारून पार करते आणि पुढच्या नाकावर आदळते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आपण जो ‘खाड्-खाड्’ आवाज ऐकता त्यातला मोठा भाग या आदळण्याचा आहे. दुसरी जागा गावाबाहेरची. खडीचा क्रशर आपण रस्त्याने जाताना पाहिला असेल, निदान त्याची धूळ तरी खाल्ली असेल. त्याच्या तोंडात दोन जबडे असतात, एक स्थिर आणि एक हलता. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्यांच्यामध्ये सापडतो आणि मिनिटाला दोन-अडीचशे वेळा चावला जातो. दगड फुटतो हे आपण पाहतो. पण जबडा कसा फुटत नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तोच आजचा प्रश्न आहे.

प्रथम लोहाराकडे जाऊ. विळा किंवा छिन्नी करताना लोहार ती लाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो. याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो, आणि हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे की माणसाच्या अंगच्या तेजालाही आपण पाणीच म्हणतो. पाणी दिले की पोलाद कडक होते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मात्र नुसते पाणी देऊन लोहार थांबत नाही. तसेच ठेवले तर पाते काचेसारखे तडकेल. म्हणून तो ते पुन्हा मंद आचेवर धरतो. घासून चकचकीत केलेल्या कडेवर रंग चढू लागतात : आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा दिसतो तेव्हा उष्णता दोनशे तीस अंशांच्या आसपास असते, निळा दिसतो तेव्हा तीनशेच्या आसपास. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचे, छिन्नीला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. काठिण्यातले थोडे सोडून द्यायचे आणि तेवढा चिवटपणा पदरात घ्यायचा, असा हा सौदा आहे. थर्मामीटर हातात न धरता आपल्या गावोगावच्या लोहारांनी पिढ्यान् पिढ्या हा सौदा बिनचूक केला. त्यांच्याविषयी आम्हांला जो आदर वाटतो तो पुस्तकी नाही. आमचे पहिले गुरू एक लोहारच होते.

आता ओतीव पोलाद. येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. लोक ओतलेल्या सर्वच मालाला बीड म्हणतात. बीड वेगळे आणि ओतीव पोलाद वेगळे. बिडात कर्ब तीन टक्क्यांच्या वर असतो, ते कमी आचेवर वितळते, पण घणाच्या एका घावात त्याचे तुकडे होतात. साध्या ओतीव पोलादात कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. त्याचा रस करायला पंधराशे अंशांच्या पुढे जावे लागते, आणि साच्यात तो आकसतो इतका, की आकसण्याची सोय आधी केली नाही तर आत पोकळ राहते. पण खरा फरक पुढेच आहे. घडीव पोलादाचा रवा घणाखाली मोडतो, बारीक होतो. ओतीव पोलादाला घण लागत नाही. साच्यात जसे थिजले तसे ते राहते, रवा जाडा, साबुदाण्यासारखा. तो सुधारायचा तर आगीने आणि पाण्याने, दुसरा मार्ग नाही. म्हणून ओतशाळेत मालाचा जन्म दोनदा होतो असे आम्ही म्हणतो : एकदा साच्यात आणि एकदा उष्णोपचाराच्या भट्टीत. गिऱ्हाइकाला पहिला जन्म दिसतो. दुसरा दिसत नाही, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो.

साध्या ओतीव पोलादाचा उपचार लोहाराच्याच जातीचा आहे. सुमारे नऊशे अंशांवर तापवून हवेत निवू दिले की रवा बारीक होतो. अधिक ताकद हवी असेल, मोठा दंतचक्राचा माल असेल, तर थोडे क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम घालून तेलात किंवा पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा चारशे-सहाशे अंशांवर आणून नरम करायचे. ब्रिनेलच्या मापावर तीनशे, साडेतीनशे, हवे तेवढे काठिण्य मिळते. पण सौदा तोच. काठिण्य वाढवाल तर चिवटपणा जाईल, चिवटपणा राखाल तर झीज वाढेल. क्रशरच्या जबड्याला मात्र दोन्ही पाहिजेत आणि भरपूर पाहिजेत. दगड घासतोही आणि मारतोही. कडक जबडा फुटेल, मऊ जबडा झिजेल. येथे लोहाराची विद्या संपते.

ही कोंडी फुटली ती इंग्लंडातील शेफील्ड या गावी, १८८२ साली. ती फोडणारा रॉबर्ट हॅडफील्ड तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता. त्याच्या वडिलांचा पोलाद ओतण्याचा कारखाना होता, आणि ट्रामगाडीच्या चाकांसाठी लवकर न झिजणारे पोलाद शोधावे असे त्याच्या मनात होते. पोलादात मॅंगनीज थोडे घालण्याची रीत जुनीच होती, पण दोन-अडीच टक्क्यांच्या वर गेले की माल ठिसूळ होतो असा सर्वांचा अनुभव होता, म्हणून सगळे तेथेच थांबत. हॅडफील्ड थांबला नाही. चार-पाच टक्क्यांवर तर पोलाद इतके ठिसूळ झाले की हातोडीने त्याची भुकटी व्हावी. शहाण्या माणसाने येथे वही मिटली असती. त्याने आणखी मॅंगनीज घातले. सातच्या पुढे गेल्यावर चित्र पालटू लागले, आणि बारा-तेरा टक्के मॅंगनीज, सव्वा टक्क्याच्या आसपास कर्ब, एवढ्यावर आल्यावर त्याच्या हाती असे काही लागले की ते पोलाद आहे की नाही अशी शंका यावी. लोहचुंबक त्याला चिकटेना. आणि मौज अशी, की पिवळे तापवून पाण्यात टाकले तर ते कडक होण्याऐवजी नरम आणि चिवट झाले! लोहाराने हजारो वर्षे जे केले त्याच्या बरोबर उलट. जो तुकडा साच्यातून काढल्यावर घणाने मोडत होता, तोच पाण्यातून काढल्यावर वाकू लागला. १८८३ साली त्याने या पोलादाचे पेटंट घेतले, आणि आजही जगभर त्याला हॅडफील्ड पोलाद म्हणतात.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, याच हॅडफील्डने पुढे दिल्लीच्या लोहस्तंभाच्या नमुन्याचे पृथक्करण केले आणि १९१२ साली ते प्रसिद्ध केले. ज्याने मॅंगनीजवर नाव कमावले, त्याला त्या दीड हजार वर्षांच्या लोखंडात मॅंगनीजचा अंशही सापडला नाही. पोलाद अनेक वाटांनी चांगले होते हे त्याला त्या दिवशी पटले असेल, असे आम्हांला उगीच वाटते.

पाण्याने हे पोलाद नरम का होते? स्वयंपाकघरातला दाखला देतो. साखरेचा पाक कढत असतो तेव्हा त्यात पुष्कळ साखर मावते. तो हळूहळू निवू दिला की साखर बाहेर पडते आणि भांड्याच्या कडेला खडे धरतात. पोलाद घन असले तरी कर्बाच्या बाबतीत तसेच वागते. हजार-साडेदहाशे अंशांवर सगळा कर्ब त्याच्या पोटात विरघळलेला असतो. साच्यात मंदगतीने निवताना तो बाहेर पडतो आणि रव्यारव्यांच्या शिवांवर कार्बाइडाची जाळी धरतो. ही जाळी काचेसारखी ठिसूळ असते. प्रत्येक रवा आतून कितीही चिवट असो, शिवणच कुजकी असली तर कापड तेथेच फाटणार. म्हणून माल पुन्हा तापवायचा, ती जाळी विरघळवायची, आणि कर्बाला बाहेर पडायला सवड मिळण्यापूर्वी पाण्यात बुडवायचा. साध्या पोलादात असे केले तर अडकलेला कर्ब सगळी रचनाच ताणून धरतो आणि काठिण्य येते. येथे मॅंगनीजच्या भाराने ती रचना बदलतच नाही. तापलेल्या पोलादाची जी मोकळी, नरम घडण असते, शास्त्रात तिला ऑस्टेनाइट म्हणतात, तीच थंड झाल्यावरही टिकते. म्हणजे आमचे पाणी काही देत नाही. जे आहे ते जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम.

पण मग जबडा नरम झाला की! ब्रिनेलवर जेमतेम दोनशे. असले पोलाद दगडापुढे कसे टिकणार? याचे उत्तर या धातूच्या स्वभावात आहे. त्याला मार बसला की ते मार बसलेल्या जागी कडक होते, पाचशेपर्यंत आणि त्याच्याही वर जाते. फक्त वरचा थर. आतले अंग तसेच चिवट राहते. वरचा कडक थर झिजला की खालचा थर मार खाऊन कडक होतो. पूर्वी असे मानीत की माराने ऑस्टेनाइटचे रूपांतर कडक मार्टेन्साइटमध्ये होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर बहुतांशी निराळेच दिसले. माराखाली रव्याच्या आत अणूंचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे सरकतात आणि बारीक बारीक पट्टे उमटतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी असे जुळे पट्टे. हे पट्टे पुढच्या सरकण्याला जागोजाग आडवे येतात, आणि विरघळलेला कर्ब त्यांना साथ देतो. हालचाल अडली म्हणजे काठिण्य आले.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण येथे कोणाला आठवली असेल. आमची विनंती, की ती या धातूला लावू नये. निदान अर्धीच लावावी. कारण घाव सोसून देवपण येते ते ज्याच्या शिवा निर्मळ आहेत त्याला. शिवांवर कार्बाइडाची जाळी असेल तर पहिल्या घावालाच तुकडे होतात, आणि त्यात घावाचा काही दोष नसतो.

शिवाय मारच बसत नसेल तर हे पोलाद फुकट. वाळू नुसती घसरत जाते अशा घसरणीला याचा पत्रा लावला तर तो मऊच राहतो आणि भराभर झिजतो. अशा जागी कडक केलेले साधे मिश्रपोलाद किंवा उच्च क्रोमियमचे पांढरे बीड पुष्कळ चांगले. पण ‘मॅंगनीज’ या शब्दाची आपल्याकडे अशी जादू आहे की गिऱ्हाईक येते ते “मॅंगनीजच द्या” म्हणत येते. कशासाठी पाहिजे हे विचारले तर त्याला वाटते आम्ही टाळतो आहोत. रेल्वेच्या क्रॉसिंगलाही सुरुवातीचा त्रास असतोच. नव्या नरम नाकावर चाके आदळतात तेव्हा ते कडक होता होता थोडे पसरते, कडेला ओठ निघतात, ते घासून काढावे लागतात. काही देशांत ही अडचण टाळण्यासाठी नवे क्रॉसिंग बसवण्यापूर्वीच त्याच्यावर स्फोटक द्रव्याचा पातळ थर उडवून त्याला आगाऊ मार देतात. आपल्या रेल्वेच्या वर्दळीच्या मार्गांवरही अशी अखंड ओतलेली मॅंगनीज पोलादाची क्रॉसिंगे पुष्कळ आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ सालापासून, ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जी ताटलीसारखी टोपी आली तीही याच पोलादाच्या लाटलेल्या पत्र्याची. गोळीचा तुकडा आदळला की पत्रा दबे, पण फुटत नसे. आणि करवत चालवू गेले तर करवतीखालीच ते कडक होत जाते, म्हणून तिजोऱ्यांना आणि तुरुंगांच्या गजांनाही लोकांनी ते वापरले. आम्हां ओतकाम करणाऱ्यांना मात्र ही पंचाईतच आहे. भोक पाडता येत नाही, ते ओततानाच ठेवावे लागते.

या धातूचा आणि आपल्या प्रांताचा जवळचा संबंध आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मॅंगनीजच्या खाणी आहेत. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे विदर्भातल्या माणसाला परकी नाहीत. लागूनच मध्य प्रदेशातला बालाघाट. गेल्या शतकाच्या आरंभापासून तेथून खनिज निघते आहे, आणि बराच काळ ते आगबोटीत बसून परदेशी गेले. आता ज्या सरकारी कंपनीकडे त्यातल्या प्रमुख खाणी आहेत तिचे मुख्य ठाणे नागपूरलाच आहे. भंडाऱ्याची माती आणि शेफील्डची युक्ती मिळून सांगलीकडचा दगड फुटतो, असे म्हणा ना.

आता प्रत्यक्ष काम. साच्यातून निघालेला माल भट्टीत घालताना घाई करून चालत नाही. हे पोलाद उष्णता फार मंद वाहून नेते, साध्या पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांश, आणि तापल्यावर फुगते मात्र दीडपट. एकदम आच दिली तर पृष्ठभाग फुगतो, गाभा थंड राहतो, आणि अजून ठिसूळच असलेला तो माल भट्टीतच तडकतो. म्हणून हळूहळू चढायचे. एक हजार पन्नास अंशांच्या आसपास पोचल्यावर दर इंच जाडीला निदान एक तास तेथे ठेवायचा. मग दार उघडायचे, आणि त्यानंतर मोजायचे ते सेकंद. पाणी थंड आणि पुष्कळ पाहिजे. हिशेब करून पाहा : एक टन माल दहा टन पाण्यात बुडवला तर पाणी सुमारे पंधरा अंशांनी तापते. टाकी लहान असेल, पाणी आधीच कोमट असेल, तर मालाभोवती वाफेचे पांघरूण तयार होते आणि आत पाणी शिरतच नाही. माल चार-पाच इंचांहून जाड असेल तर कितीही थंड पाणी असो, गाभ्यात थोडी जाळी उरतेच. म्हणून शहाणा आखणीकार जाडी वाढवून ताकद मिळवायला जात नाही. हे सगळे आम्हांला पाठ होते. पाठ असूनही जे घडले ते आता सांगतो.

२००६ सालचा एप्रिल. भारनियमनाचे दिवस आपल्याला आठवत असतील. वेळापत्रक असे, पण वीज त्याच्या आधीच जाई. आमच्या भट्टीतून जबड्याच्या आठ प्लेटा जाळीवर घालून काढल्या होत्या, क्रेनने जाळी उचलून टाकीकडे वळवली, आणि टाकीच्या वर दोन हातांवर ती लोंबकळत असताना वीज गेली. जनरेटर होता, पण तो चालू व्हायला वेळ लागला. अखेर साखळीची कप्पी लावून हातांनी जाळी खाली सोडली. घड्याळाप्रमाणे सात मिनिटे झाली होती. जाळी पाण्यात गेली तेव्हा माल लालच होता, पाणी उसळले, वाफ छताला लागली. नेहमीसारखेच सगळे दिसले.

आमचे मिस्त्री म्हणाले, “साहेब, ही जाळी परत भट्टीत घालूया. हिला हवा लागली.”

आम्ही म्हणालो, “मिस्त्री, लाल असतानाच गेली की पाण्यात.”

“लाल होती, पिवळी नव्हती,” एवढेच ते बोलले.

पुन्हा तापवायचे म्हणजे एका रात्रीचे तेल, आणि खाणवाला दोन दिवसांपासून टेंपो घेऊन दारात उभा. आम्ही माल जाऊ दिला. चाचणीला जो छोटा तुकडा मालाबरोबर ठेवतात तो पातळ असतो. तोही जाळीतच होता, पण तो तेवढ्यात वाकवून पाहायचे आम्ही टाळले. टाळले हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. विसरलो असे पुष्कळ दिवस म्हणत होतो.

अकराव्या दिवशी त्यातली एक प्लेट क्रशरमध्ये आडवी फुटली. तोंडाशी दगड सारणाऱ्या कामगाराच्या नडगीवर तुकडा बसला. हाड दोन जागी मोडले. खाणवाल्याचा फोन आला तेव्हा आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे, की दगडात पोकलेनचा दात गेला असेल, बघा. असे होऊ शकते, कित्येकदा होते, म्हणूनच ते वाक्य जिभेवर तयार होते. संध्याकाळी तुटलेला तुकडा आमच्याकडे आला. कापून, घासून, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शिवाशिवांवर काळी जाळी, एखाद्या शाळेच्या नकाशात नद्या दाखवाव्यात तशी स्पष्ट. मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी नळीतून एकदा पाहिले आणि काही न बोलता हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो आणि झाले ते त्या माणसाला सांगितले. त्याने ऐकून घेतले. आम्हांला वाटले तो पैशाचे विचारील. ते द्यायचे आम्ही ठरवून गेलो होतो आणि पुढे दिलेही. पण त्याने विचारले ते निराळेच. तो म्हणाला, “साहेब, बाकीच्या सात प्लेटा कुठं हाईत?”

खरे सांगायचे तर त्या क्षणापर्यंत आमच्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. आमच्या मनात एक फुटलेली प्लेट होती, त्याच्या मनात सात न फुटलेल्या होत्या. त्याच दुपारी आम्ही निघालो. तीन त्याच खाणीत होत्या, एक चालू आणि दोन राखीव. तीन दुसऱ्या तालुक्यात विकल्या गेल्या होत्या, त्या उतरवून आणल्या. एकीच्या बोल्टाच्या भोकापासून बारीक चीर निघालेली होती. सातवी मिळेपर्यंत महिना गेला. ती पार झिजून भंगारात पडली होती. फुटली नव्हती. का फुटली नाही ते आम्हांला आजही सांगता येत नाही. तिला बहुधा मऊ दगड मिळाला. वाईट माल नेहमीच फुटतो असे असते तर आमचा धंदा फार सोपा झाला असता.

त्यानंतर आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. भट्टी आता टाकीच्या काठाशी आहे, जाळी उतारावरून आपल्या वजनाने पाण्यात जाते, विजेची गरज लागत नाही. आणि दार उघडल्यापासून माल बुडेपर्यंतचे सेकंद वहीत लिहितात. ते मिस्त्रींनी लिहायचे, आम्ही नाही. आकडा ठरल्याहून मोठा असेल तर माल परत तापतो, आणि त्यात मालकाचा सल्ला घेत नाहीत.

श्रोत्यांत क्रशरवाले आणि वेल्डिंगवाले कोणी असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. झिजलेल्या जबड्यावर वेल्डिंगने भर घालता येते, पण हे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास बराच वेळ राहिले की पाण्याने अडवून ठेवलेला कर्ब पुन्हा शिवांवर येऊ लागतो. साध्या पोलादाला वेल्डिंगपूर्वी गॅसने गरम करायची जी चांगली सवय आहे, ती येथे घात करते. थोडे थोडे वेल्डिंग करावे, प्लेट अर्धी पाण्यात बुडवून करावे, आणि शेजारी हात टेकवेनासा झाला की थांबावे. अडकलेली प्लेट काढण्यासाठी तिला गॅसने लाल करणारेही आम्ही पाहिले आहेत. ती प्लेट उलटून पुन्हा बसवू नये, सरळ भंगारात द्यावी.

मेजावर दोन तुकडे ठेवले आहेत, शेजारी भिंग आणि एक लोहचुंबक आहे. एक तुकडा चांगल्या प्लेटेचा, दुसरा त्या आठांतला. वरून पाहून ओळखता येतो का ते बघा. आम्हांला येत नाही. चुंबक दोहोंनाही चिकटणार नाही. घासलेली बाजू भिंगाखाली धरली तर एकावर रव्याच्या शिवा जेमतेम दिसतील आणि दुसऱ्यावर जाडसर काळ्या दिसतील. मुलांना जरूर दाखवा, मात्र तुटलेल्या बाजूला त्यांचा हात जाऊ देऊ नका. एवढी वर्षे झाली तरी तिची कड अजून कापते.